वैमानिकाचा प्रशिक्षणखर्च, आयकर आणि ठाण्यातल्या एका सीए मॅडमची सेवा

वैमानिक म्हणून पहिली नोकरी लागलेल्या आणि डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असलेल्या प्रत्येकाने, रिटर्न भरायची वेळ येण्याच्या बरंच आधी, एका चांगल्या सीएसमोर बसून घ्यावं. मी ज्यांच्याकडे जाते त्या मॅडमबद्दल हे लिहिते आहे. त्यांचं नाव देत नाही. सनदी लेखापालांवर जाहिरातीबाबत त्यांच्या संस्थेची बंधनं असतात, त्यामुळे "कामाबद्दल हवं ते लिही, नाव नको" असं त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे. ऑफिस ठाण्यात, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. स्वतः मॅडम आणि सीए होण्यासाठी आर्टिकलशिप करणारी दोन मुलं, एवढाच कारभार. अशीलांमध्ये वैमानिक, केबिन क्रू आणि विमान देखभालीतले इंजिनिअर बरेच असल्यामुळे रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक), लेओव्हर (ड्यूटीतला परगावचा मुक्काम), टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याचं वेगळं प्रशिक्षण) हे शब्द त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत. माझ्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली, आता ठाण्यात भावाकडे राहते आणि एअरबस ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, महाराष्ट्रातल्याच एका फ्लाइंग स्कूलमधून केलं. डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाने, ठरवलेले उड्डाणाचे २०० तास, परीक्षा, मेडिकल हे सगळं शेतजमीन तारण ठेवून काढलेल्या बँकेच्या शैक्षणिक कर्जावर झालं. टाइप रेटिंग मात्र परदेशातल्या सिम्युलेटरवर, बाबांच्या निवृत्तीच्या पैशातून. बाबा शिक्षक होते. आमच्या घरात एवढे पैसे एका कामाला त्याआधी कधी गेले नव्हते, म्हणून यातला जो काही भाग करात परत मिळू शकतो तो मिळालाच पाहिजे, असं माझ्या मनात होतं. बॅचच्या ग्रुपवर तेव्हा चर्चाही तीच होती: टाइप रेटिंगचा खर्च रिटर्नमध्ये टाका, अमुक एक एजंट सगळा रिफंड काढून देतो.

मॅडमना मी पहिल्याच भेटीत हाच प्रश्न विचारला. त्यांचं उत्तर होतं, "नाही. पगारातून हा खर्च वजा होत नाही. सीपीएलचा नाही, टाइप रेटिंगचा नाही, पुढे स्वतःच्या पैशाने कमांडची, म्हणजे कॅप्टन होण्याची, तयारी केलीस तर तिचाही नाही." मग तेव्हाच्या, १९६१च्या, आयकर कायद्याचं पुस्तक उघडून त्यांनी कलम १६ दाखवलं. पगार या शीर्षाखालच्या उत्पन्नातून काय वजा होतं याची यादी तिथे आहे, आणि ती अगदी आखूड आहे: प्रमाणित वजावट, म्हणजे जुन्या करप्रणालीत (वजावटी जास्त, पण दरही जास्त) ५० हजार आणि आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून नव्या प्रणालीत (दर कमी, पण वजावटी मोजक्या) ७५ हजार, व्यवसाय कर, जो आपल्या महाराष्ट्रात वर्षाला अडीच हजार आहे आणि तोही फक्त जुन्या प्रणालीत वजा होतो, आणि सरकारी नोकरांपुरता एक जुना भत्ता. बस. धंदा करणाऱ्याला कामासाठी केलेला खर्च दाखवता येतो, पगारदाराला ती वाटच नाही.

त्या भेटीतली एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. तेच सिम्युलेटर, तेच तास, तोच प्रशिक्षक. त्याचे पैसे एअरलाइनने भरले तर तिच्या हिशेबात तो धंद्याचा खर्च होतो, आणि कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणावरचा खर्च म्हणून माझ्या पगारातही तो मोजला जात नाही. तेच पैसे माझ्या बाबांनी भरले तर कुणालाच काही मिळत नाही. म्हणून मॅडम नोकरी बदलणाऱ्या वैमानिकांना करारावर सही करण्याआधी बोलावून घेतात. पगार थोडा कमी आणि प्रशिक्षण कंपनीच्या खर्चाने, की पगार जास्त आणि प्रशिक्षण आपल्या खिशातून, या दोन्हींचा करानंतरचा हिशेब त्या समोर मांडून देतात. बाँडची, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या हमीची, रक्कम आणि मुदत त्या हिशेबात धरतात. माझ्या एका सहकाऱ्याने त्यावरूनच ऑफर नाकारली. ही सेवा मला तरी दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

एवढं स्पष्ट "नाही" ऐकून मी निराश झाले होते, पण त्यानंतरच त्यांचं खरं काम सुरू झालं.

पहिली गोष्ट कर्जाची. १९६१च्या कायद्याच्या कलम ८०ई खाली शैक्षणिक कर्जावरचं व्याज वजा होतं. मुद्दल नाही, फक्त व्याज, आणि त्याला वरची मर्यादा नाही. कर्ज बँकेचं, वित्तसंस्थेचं किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचं हवं. काकांकडून घेतलेले पैसे चालत नाहीत. बारावीनंतरचा अभ्यासक्रम हवा आणि शिकवणाऱ्या संस्थेला सरकारची किंवा सरकारने अधिकार दिलेल्या यंत्रणेची मान्यता हवी. मॅडमनी माझ्या स्कूलचं डीजीसीएचं मान्यतापत्र मागवून फाइलला लावलं. परदेशातल्या स्कूलसाठी कागद जास्त लागतात, आणि टाइप रेटिंगसाठी वैयक्तिक कर्ज काढलं असेल तर त्या ८०ई लावायला तयार होत नाहीत. त्यांची बाजू अशी, की उद्या नोटीस आली तर उत्तर देता येईल तेवढंच लिहायचं.

यातला सगळ्यात मोलाचा सल्ला आठ वर्षांच्या मुदतीचा होता. ही वजावट ज्या वर्षी तुम्ही व्याज भरायला सुरुवात करता ते वर्ष आणि पुढची सात वर्षं, एवढीच मिळते. वैमानिकांसाठी ही अट फार कठीण आहे, कारण सीपीएल हातात आल्यावर लगेच नोकरी लागतेच असं नाही. माझ्या बॅचमधल्या एका मुलाने बँकेच्या सांगण्यावरून अभ्यासक्रम चालू असतानाच थोडं थोडं व्याज भरायला सुरुवात केली. त्यानंतर तीन वर्षं त्याला नोकरी नव्हती, म्हणजे कर भरण्याइतकं उत्पन्नच नव्हतं, आणि आठातली ती वर्षं वजावटीशिवाय गेली. मोठा पगार सुरू झाला तेव्हा मुदत निम्म्यावर आली होती. याचा अर्थ व्याज आधी भरूच नये, असंही नाही. न भरलेलं व्याज मुद्दलात मिसळतं आणि कर्ज फुगत जातं. दोन्ही बाजूंचा हिशेब करावा लागतो, आणि आईवडिलांपैकी कोणी सहकर्जदार असून करपात्र उत्पन्नातून व्याज भरत असेल तर मुलासाठीच्या कर्जाची ही वजावट त्यांना मिळू शकते. मॅडम हा हिशेब एका पानावर, वर्षागणिक रकाने आखून देतात. माझं पान मी कर्जाच्या फाइलमध्ये ठेवलं आहे.

दुसरी गोष्ट करप्रणालीची. ८०ई नव्या प्रणालीत मिळतच नाही, आणि २०२३-२४ पासून काही न कळवल्यास नवी प्रणालीच गृहीत धरली जाते. माझ्या कंपनीनेही त्याप्रमाणेच टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापायचा कर, कापला होता. मॅडमनी दोन्ही हिशेब समोर ठेवले. आकडे सोपे करून सांगते. पगार २४ लाख. कर्ज साधारण ५० लाख, ११ टक्क्यांनी वर्षाचं व्याज साडेपाच लाख. २०२४-२५ साठी नव्या प्रणालीत उपकरासह कर येतो ४ लाख ३ हजार. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट, व्यवसाय कर, ८०सीचे (पीएफ, विमा अशा बचतीचे) दीड लाख आणि ८०ईचे साडेपाच लाख वजा केले की तो येतो ३ लाख १९ हजार. जवळजवळ ८४ हजारांचा फरक. पगारदाराला रिटर्न भरताना जुनी प्रणाली निवडता येते, पण रिटर्न मुदतीत हवं. उशिरा भरलं तर ती निवड गेली. त्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाढली, तरी मॅडम वाढीव मुदतीवर विसंबल्या नाहीत. कापलेल्या जादा कराचा रिफंड माझ्या खात्यात आला.

आता पुढचं वर्ष, २०२५-२६. अर्थसंकल्पात नव्या प्रणालीचे टप्पे बदलले. तोच पगार, तेच व्याज धरलं तर नव्या प्रणालीत कर २ लाख ९२ हजार आणि जुन्यात तोच ३ लाख १९ हजार. म्हणजे उलटं झालं! साडेपाच लाखांचं व्याज भरूनही नवी प्रणालीच स्वस्त, आणि ८०ईची आठ वर्षांची मुदत मात्र न वापरताही पुढे सरकत राहते. मी भाड्याने राहत असते आणि घरभाडे भत्त्याची सूट घेत असते तर पारडं पुन्हा जुन्या प्रणालीकडे झुकलं असतं. म्हणून कोणी ग्रुपवर "नवी घे" किंवा "जुनी घे" असं लिहिलं तर त्याला काही अर्थ नाही. तुमच्या आकड्यांवर दरवर्षी नव्याने हिशेब करावा लागतो. मॅडम एप्रिलमध्येच फोन करून विचारतात की यंदा कंपनीला काय कळवायचं, म्हणजे दरमहा जास्त टीडीएस कापला जात नाही.

तिसरी गोष्ट माझी नव्हतीच, बाबांची होती, आणि तिच्यासाठी मी मॅडमची कायम ऋणी राहीन. टाइप रेटिंगचे पैसे बाबांनी त्यांच्या खात्यातून २०२३च्या दिवाळीच्या सुमारास परदेशात पाठवले होते. त्या ऑक्टोबरपासून नियम असा होता की वर्षभरात ७ लाखांपेक्षा जास्त रक्कम पाठवली तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस कापून घेते: शिक्षणासाठी आणि तेही कर्जाशिवाय असेल तर ५ टक्के, इतर बहुतेक कारणांसाठी २० टक्के. १५ लाखांवर बाबांचे ४० हजार कापले गेले होते. घरी सगळ्यांचा समज होता की ते बँकेचे चार्जेस आहेत. पहिल्या भेटीत, २०२४च्या नोव्हेंबरात, मॅडमनी सहज विचारलं, "पैसे कोणाच्या पॅनवरून गेले?" आणि बाबांचं २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचं पत्रक, काढायला लावलं. त्यात ती रक्कम दिसत होती. टीसीएस म्हणजे आगाऊ भरलेला कर. रिटर्न भरलं की हिशेबात धरला जातो, जादा असेल तर परत मिळतो. बाबांनी त्या वर्षीचं रिटर्न भरलेलं नव्हतं आणि उशिराचं रिटर्न भरायची शेवटची तारीख तेव्हा ३१ डिसेंबर होती. ती गेली असती तर नंतरच्या अद्ययावत रिटर्नमध्ये रिफंड मागता येत नाही. डिसेंबर संपायच्या आत रिटर्न गेलं, आणि ४० हजारांतला जवळजवळ सगळा पैसा बाबांच्या पेन्शनच्या खात्यात परत आला.

एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख झाली आहे, आणि शिक्षणासाठी वित्तसंस्थेच्या कर्जातून पैसे जात असतील तर टीसीएस लागत नाही. परदेशात टाइप रेटिंग करणाऱ्यांनी बँकेच्या फॉर्मवर कारण काय लिहिलं जातं आहे, ते सही करण्याआधी वाचावं.

फ्लाइंग स्कूलच्या बिलावरच्या जीएसटीचाही मॅडमना नीट अभ्यास आहे. १८ टक्के लागतो की नाही यावर बरीच वर्षं गोंधळ होता. सप्टेंबर २०२४च्या जीएसटी परिषदेत निर्णय झाला आणि ऑक्टोबरात परिपत्रक आलं, की डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थांचे मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रम करमुक्त आहेत. माझी बिलं त्याआधीची. त्यांचं काही होऊ शकलं नाही. आत्ता शिकत असलेल्या मुलांनी मात्र प्रत्येक बिल तपासावं. १८ टक्के म्हणजे या क्षेत्रात लाखांची रक्कम होते.

पगारपत्रकातले भत्ते तपासण्याचं कामही त्या करतात, पण माझ्या बाबतीत त्यातून फारसं निघालं नाही. वाहतूक सेवेतल्या कर्मचाऱ्यांना भत्त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत, तेव्हाच्या नियमाने महिन्याला जास्तीत जास्त १० हजार सूट, ही तरतूद जुन्या प्रणालीत आहे, पण दैनिक भत्ता मिळत असेल तर ती लागू होत नाही. मला लेओव्हरचा दैनिक भत्ता मिळतो. विषय संपला.

आता त्या रिफंडवाल्या एजंटविषयी. माझ्या ओळखीतल्या काही जणांनी त्याच्याकडून रिटर्न भरली. त्याने टाइप रेटिंगचा खर्च दाखवलाच नव्हता, कारण फॉर्ममध्ये तो दाखवायला जागाच नाही. त्याऐवजी खोट्या देणग्या आणि नसलेल्या कर्जाचं व्याज टाकून रिफंड काढले होते. १४ जुलै २०२५ला आयकर विभागाने देशभरात दीडशे ठिकाणी अशाच बनावट वजावटींच्या विरोधात कारवाई केली, आणि त्यानंतर या मुलांची झोप उडाली. खोटी माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं तर वाचवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. त्यातले दोघे मी मॅडमकडे नेले. मॅडमनी एकही शब्द न सुनावता, जुनी रिटर्न अद्ययावत करून, कर, व्याज आणि त्यावरचा जादा कर भरून प्रकरण मार्गी लावलं. आता तर ८०ई मागताना बँकेचं नाव, खाते क्रमांक, कर्जमंजुरीची तारीख, ३१ मार्चची शिल्लक हे सगळं फॉर्ममध्येच भरावं लागतं. कष्टाने शिकलेल्या मुलांना, केवळ नियम ठाऊक नाहीत म्हणून, अशी माणसं अडकवतात याचा मला मनापासून राग येतो.

कायदा असा का, हा प्रश्न मी मॅडमना विचारला होता. त्यांनी इतर देशांचं सांगितलं. ऑस्ट्रेलियात पहिली नोकरी मिळवण्यासाठीचा लायसन्सचा खर्च वजा होत नाही, पण असलेल्या नोकरीतलं कौशल्य वाढवणारा खर्च होतो. तिथल्या फेडरल कोर्टाने १९९१मध्ये स्टडर्ट नावाच्या फ्लाइट इंजिनिअरचा विमान चालवायला शिकण्याचा खर्च मान्य केला, कारण त्या शिक्षणाने तो आपल्या कामात अधिक तरबेज होत होता. जर्मनीत पहिल्या व्यावसायिक शिक्षणाचा खर्च वर्षाला ६ हजार युरोपर्यंतच विशेष खर्च म्हणून धरतात, दुसऱ्या शिक्षणाचा मात्र पूर्ण वजा होतो. त्यावर तिथल्या वैमानिकांची प्रकरणं घटना न्यायालयापर्यंत गेली, आणि नोव्हेंबर २०१९मध्ये न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. म्हणजे पहिल्या लायसन्सबाबत जग बऱ्यापैकी कठोर आहे. पण नोकरीत आल्यावर, त्याच कामासाठी, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या प्रशिक्षणाची काहीतरी वजावट आपल्याकडे असायलाच हवी, असं मला वाटतं. विमानात मागे दीडशेहून जास्त माणसं बसलेली असतात; वैमानिकाने जास्त शिकावं यात सगळ्यांचंच हित आहे. मॅडमचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात, पगारदारांना प्रत्येकाच्या कामाचा खर्च मोजून देण्यापेक्षा सगळ्यांना एकच प्रमाणित वजावट देणं सरकारला सोपं जातं, आणि ते बदलण्याची चिन्हं त्यांना दिसत नाहीत. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत, पण पगारदाराचा प्रशिक्षणखर्च वजा होण्याची सोय त्यातही नाही.

उणिवा आहेत. जुलै ते सप्टेंबर त्यांना फोन लागत नाही, आणि मेसेजचं उत्तर यायला तीन-चार दिवस जातात. रविवारी ऑफिस बंद, म्हणजे रोस्टरमध्ये मधल्या वारी सुट्टी मिळेपर्यंत थांबावं लागतं. ऑनलाइन भेट त्या देतात, पण पहिली भेट समोरासमोरच, हा त्यांचा हट्ट आहे. दिल्ली-बंगळूरच्या मित्रांना तो अडचणीचा वाटला. फीही कमी नाही. साध्या पगारी रिटर्नचे माझ्याकडून ६ हजार घेतले, आजूबाजूला दीड-दोन हजारात रिटर्न भरून मिळतं. पहिल्या सविस्तर भेटीची फी वेगळी. कर्ज नसेल, परदेशात पैसे पाठवले नसतील, आणि नवी प्रणालीच घ्यायची ठरलेली असेल, तर एवढे पैसे देण्याची काहीच गरज नाही. रिटर्न तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता. हे मला मॅडमनीच सांगितलं, माझ्या बॅचच्या एका मुलीला त्यांनी याच कारणाने परत पाठवलं होतं.

आमच्या घराला मात्र त्यांच्या फीच्या कितीतरी पट परत मिळालं.

तुमच्या गावात अशा कोणाकडे जाणार असाल तर बँकेकडून कर्जाचं मंजुरीपत्र आणि मुद्दल-व्याज वेगळं दाखवणारं वार्षिक प्रमाणपत्र आधी घेऊन ठेवा. व्याजाचा पहिला हप्ता कधी गेला त्या तारखेचं स्टेटमेंट, स्कूलचं डीजीसीए मान्यतापत्र, फॉर्म १६, आणि तुमचं तसंच ज्यांनी पैसे पाठवले त्यांचंही २६एएस सोबत न्या. एअरलाइनशी केलेला करार आणि बाँडही न्या, आणि सही अजून व्हायची असेल तर त्याआधीच जा.